आकाशाचे बिनपगारी चाकर



पुण्याच्या पश्चिमेस ताथवडे नांवाचें एक गांव आहे. गांव म्हणावयाचें तें केवळ जुन्या संवयीनें. कारण सन २००९ मध्यें तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामील झालें, आणि तेव्हांपासून शेतांच्या जागीं उंचच उंच इमारती उभ्या राहत गेल्या. एके काळीं या गांवाचें नांव निघे तें सरकारी वळू-पैदास केंद्रामुळें. आतां निघतें तें महाविद्यालयांमुळें आणि महामार्गावरील वाहनांच्या खोळंब्यामुळें. एका अंगास हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्या, दुसऱ्या अंगास पिंपरी-चिंचवडचे कारखाने, मध्यें ताथवडें. रात्र अशी तेथें पुरती होतच नाहीं.

माझें बिऱ्हाड या ताथवड्यांत आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं सायंकाळीं आपलें चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागांत उतरलें, तेव्हां आमच्या इमारतीच्या अंगणांत मोठा पडदा लावून सर्वांनीं तो सोहळा पाहिला. त्यानंतर दोन-चार दिवसांनीं शेजारचा एक मुलगा माझ्याकडे आला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. म्हणाला, "काका, यान उतरलें, आम्हीं टाळ्या वाजविल्या. पण टाळ्या वाजविण्यापलीकडे आमच्यासारख्यांना या कामांत कांहीं जागा आहे का? कीं हें सारें फक्त इस्रोच्या माणसांचें?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तर मला लगेच देतां आलें नाहीं. मी कांहीं ज्योतिर्विद नव्हें. इतिहासाचा वाचक आहें. तेव्हां उत्तर इतिहासांतच शोधणें मला भाग होतें. शोधूं लागलों तेव्हां असें दिसून आलें कीं, पुणें आणि महाराष्ट्र यांच्या भूमीवर हा प्रश्न गेलीं सव्वाशें वर्षें या ना त्या रूपानें विचारला गेला आहे, आणि दर वेळीं त्याला मिळालेलें उत्तर सारखें नाहीं. एकदां तर हातीं आलेलें उत्तर आपण गमावूनही बसलों. ती गमावल्याची गोष्ट अगोदर सांगतों.

सन १८८२ मध्यें भावनगरचे महाराज तख्तसिंहजी मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेज पाहावयास आले, आणि त्यांनीं कॉलेजला पांच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारनें तितकीच भर घातली. कॉलेजांत कावसजी दादाभाई नेगमवाला नांवाचे एक तरुण पारशी अध्यापक होते. या पैशांतून ताऱ्यांच्या प्रकाशाचें पृथक्करण करणारी वेधशाळा उभारावी असा त्यांनीं ध्यास घेतला. १८८४ मध्यें ते विलायतेस गेले, तेथील जाणत्यांचा सल्ला घेऊन उपकरणें ठरविलीं, आणि पुढील वर्षीं त्यांची नेमणूक पुण्याच्या सायन्स कॉलेजांत झाली. त्यांच्याबरोबर वेधशाळेचा बेतही पुण्यास आला. १८८८ पर्यंत ती उभी राहिली. तींतील वीस इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यांत घडविलेली होती, आणि हिंदुस्थानांत तेव्हां तिच्याएवढी मोठी दुसरी दुर्बीण नव्हती.

ही दुर्बीण शोभेची नव्हती. पांढरा प्रकाश लोलकांतून गेला म्हणजे त्याचे रंग अलग होतात, आणि त्या रंगांत ज्या रेषा दिसतात त्यांवरून प्रकाश देणारा पदार्थ कोणता हें ओळखतां येतें, हें आपणांस ठाऊक आहेच. मृग नक्षत्रांतील तेजोमेघाच्या वर्णपटांत एक ठळक हिरवी रेषा आहे. तिच्यावरून विलायतेंत मोठा वाद माजला होता. सर नॉर्मन लॉकियर म्हणत, ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे. विल्यम हगिन्स म्हणत, मुळींच नाहीं. नेगमवाला यांना उपकरणांच्या बाबतींत सल्ला देणारे लॉकियर हेच होते. तरीही पुण्याच्या दुर्बिणींतून नेगमवालांना ती रेषा प्रत्येक वेळीं रेखीव व सुटी दिसली, आणि तसेंच त्यांनीं प्रसिद्ध केलें. निकाल लॉकियर यांच्या विरुद्ध गेला. गुरूच्या मताविरुद्ध असलेलें निरीक्षण जसेंच्या तसें छापावयास पाठविणें हें त्या काळच्या पुण्यांत लहान धैर्य नव्हे.

यानंतर आला तो २२ जानेवारी १८९८ चा दिवस. त्या दिवशीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गाजवळ कोंकण किनाऱ्यास लागली, सह्याद्रि ओलांडून सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरवरून वऱ्हाडांत गेली आणि पुढें बक्सारकडे निघून गेली. मुंबई इलाख्यांत तेव्हां प्लेगची दुसरी साथ चालू होती. आगगाडींतून उतरणाऱ्यांची तपासणी होत होती. रँडचा खून होऊन पुरतें वर्षही लोटलें नव्हतें. अशा दिवसांत पेट्या, नळ्या, आरसे आणि लोलक घेऊन देशोदेशींचे लोक महाराष्ट्रांत उतरले. प्रो. नेगमवाला जेऊरला होते. जवळच अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कँपबेल आपल्या पत्नीसह तळ देऊन होते. त्यांच्यापाशीं चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. आणि हा सारा खटाटोप कशासाठीं, तर सुमारें दोन मिनिटांच्या अंधारासाठीं!

विजयदुर्गच्या किल्ल्यावर स्वतः लॉकियर होते. त्यांच्याविषयीं कोंकणांत एक कथा सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळीं लॉकियर यांनीं विजयदुर्गावरूनच हेलियम या वायूचा शोध लावला, अशी ती कथा. किल्ल्यावरील दगडी ओटेही दाखविले जातात. कथा गोड आहे, पण खरी नाहीं. १८६८ मध्यें लॉकियर इंग्लंडांतच होते, आणि त्यांनीं सूर्याच्या ज्वाला पाहिल्या त्या ऑक्टोबरांत, ग्रहणावांचून, आपल्या देशांतूनच. १८६८ चें ग्रहण हिंदुस्थानांत ज्यांनीं पाहिलें त्यांतील प्रमुख मंडळी गुंटुराकडे होती. एक तुकडी आपल्या जमखिंडीसही होती. लॉकियर विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनीं, १८९८ मध्यें. अशा खोट्या अभिमानाची आपणांस गरज नाहीं; कारण १८९८ मध्यें विजयदुर्गावर जें खरोखर घडलें तें त्या कथेपेक्षां माझ्या मतें अधिक मोलाचें आहे.

तें असें. लॉकियर यांच्याबरोबर शास्त्रज्ञ थोडेच होते. काम करणारे बहुतेक हात होते ते 'मेलपोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेवरील अधिकाऱ्यांचे आणि खलाशांचे. ज्यांनीं जन्मांत दुर्बिणीस हात लावला नव्हता, अशा माणसांच्या टोळ्या पाडण्यांत आल्या. कोणी सेकंद मोठ्यानें मोजावयाचे, कोणी सूर्याभोंवतींच्या प्रभामंडलाचें चित्र काढावयाचें, कोणी दिवसा दिसूं लागलेले तारे टिपावयाचे, कोणी जमिनीवरून सरकणाऱ्या छायेच्या पट्ट्यांवर नजर ठेवावयाची. ग्रहणापूर्वीं या कामाची कवाईत झाली. खलाशी कवाईतीस सरावलेला. त्याला सांगितलेलें काम सांगितलेल्या क्षणीं तो करतो, आणि इकडे तिकडे पाहत नाहीं. ग्रहणाच्या त्या दोन मिनिटांत इकडे तिकडे न पाहणें किती कठीण आहे, हें ज्यानें खग्रास ग्रहण पाहिलें असेल त्यालाच कळेल! मोठमोठे विद्वानही त्या वेळीं हातांतलें काम विसरून तोंड उघडें टाकून वर पाहत राहिल्याचीं उदाहरणें आहेत.

तिसरा तळ होता वऱ्हाडांत, तळणी येथें. तो ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या मुख्यतः हौशी लोकांच्या मंडळीचा. त्यांत ॲनी माँडर नांवाच्या बाई होत्या. ग्रीनिच वेधशाळेंत त्या पूर्वीं गणितकाम करीत. लग्न केल्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणें त्यांना ती जागा सोडावी लागली. म्हणजे तळणीस आल्या तेव्हां त्यांना पगार नव्हता आणि पदही नव्हतें. हातीं होता तो स्वतः जुळविलेला एक लहानसा कॅमेरा. त्या कॅमेऱ्यानें त्यांनीं प्रभामंडलांतील एका किरणशलाकेचें जें छायाचित्र घेतलें, तितकी लांब शलाका तोंवर कोणाच्याही कांचेवर उमटली नव्हती. त्याच तळावर जॉन एव्हरशेड नांवाचे गृहस्थ होते. ते लंडनमध्यें पोटासाठीं नोकरी करीत आणि फुरसतीच्या वेळीं सूर्याचा वर्णपट पाहत. हे हौशी गृहस्थ पुढें १९०७ मध्यें दक्षिणेंतील कोडाईकनाल वेधशाळेंत रुजू झाले, १९०९ मध्यें त्यांनीं सूर्यावरील डागांतून बाहेर वाहणाऱ्या वायूचा शोध लावला, आणि १९११ पासून ते त्या वेधशाळेचे संचालक होते. सौर शास्त्रांत आजही 'एव्हरशेड परिणाम' म्हणून त्यांचेंच नांव चालतें.

तळणी, जेऊर आणि विजयदुर्ग यांचा एवढा विस्तार मीं केला तो एका कारणासाठीं. अवकाशाचें संशोधन म्हणजे एका बाजूस पगारी पंडित आणि दुसऱ्या बाजूस टाळ्या वाजविणारी रयत, अशी जी विभागणी आज आपल्या मनांत पक्की झाली आहे, ती या तीन तळांवर दिसत नाहीं. तेथें काम करणाऱ्याची परीक्षा पदवीवरून झाली नाहीं. दिलेल्या क्षणीं दिलेली वस्तु नीट पाहिली का, आणि जें पाहिलें तेंच लिहिलें का, एवढेंच विचारलें गेलें.

आतां गमावल्याची गोष्ट. नेगमवाला यांनीं जेऊरच्या ग्रहणाचा अहवाल १९०२ मध्यें प्रसिद्ध केला. पुढें दहा वर्षांनीं, १९१२ मध्यें, ते सेवानिवृत्त झाले. आणि काय झालें? वेधशाळा बंद करण्यांत आली. सारीं उपकरणें पेट्यांत भरून कोडाईकनालला पाठविण्यांत आलीं, आणि तीं स्वीकारणाऱ्या वेधशाळेचे संचालक होते तेच तळणीचे हौशी एव्हरशेड! देशांतील सर्वांत मोठी दुर्बीण चोवीस वर्षें पुण्यांत होती. पण तिच्याभोंवतीं असा एकही गट उभा राहिला नाहीं, कीं जो म्हणेल, 'हें आमचें आहे, हें आम्ही चालवूं.' नेगमवालांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. एकट्यानें त्यांनीं जें केलें तेंच पुष्कळ होतें. पण एकट्यानें केलें, हेंच त्यांतलें दुखणें होतें. माणूस निवृत्त झाला, आणि त्याच्या पाठोपाठ दुर्बीणही गेली.

याच सुमारास दुर्बीण नसलेला एक मराठी शिक्षक आकाशाचें काम करीत होता. कै. व्यंकटेश बापूजी केतकर यांचें नांव पंचांगवाद्यांच्या घरांत अजून आदरानें घेतलें जातें. पण त्यांनीं केलेली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. सरकारी शिक्षणखात्यांत नोकरी करून बागलकोटसारख्या गांवीं बसून त्यांनीं असा विचार केला, कीं गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लास यांना जसा मेळ आढळला तसाच बाहेरच्या ग्रहांतही असला पाहिजे. त्यावरून नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असें त्यांनीं मांडलें, आणि त्यांना ब्रह्मा व विष्णु अशीं नांवें दिलीं. १९११ मध्यें हा निबंध फ्रान्सच्या ज्योतिषसभेच्या पत्रिकेंत छापून आला. पहिल्या ग्रहाचें सूर्यापासूनचें अंतर त्यांनीं पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षें दिला होता. १९३० मध्यें प्लूटो सांपडला. त्याचें अंतर सुमारें ३९.५ पट आणि काळ २४८ वर्षें. केतकर त्याच वर्षीं वारले.

हा योगायोग होता, असें म्हणणाऱ्यांशीं मी वाद घालणार नाहीं. केतकरांनीं नेपच्यूनशीं जें तीनास चार असें प्रमाण धरलें होतें, तें खरें दोनास तीन आहे. आणि 'विष्णु' तर कधींच सांपडला नाहीं. पण बागलकोटच्या शिक्षकास आपला कागद पॅरिसला पाठवावासा वाटला, आणि पॅरिसकरांनीं 'हा कोण, कोणत्या वेधशाळेचा' असें न विचारतां तो छापला, या दोन्ही गोष्टी मला प्लूटोच्या आंकड्यांपेक्षां मोठ्या वाटतात. आमच्याकडे मात्र वर्तमानपत्रांत राशिभविष्य रोज येतें, आणि आज सायंकाळीं पश्चिमेस कोणता ग्रह दिसेल हें कोठें शोधावें हें कळत नाहीं.

केतकरांपाशीं गणित होतें. गणितही फारसें नसलेल्या माणसाचें काय? त्याचें उदाहरण मला बंगालमधून घ्यावें लागतें. जेसोर येथील सरकारी खजिन्यांत राधागोविंद चंद्र नांवाचे एक कारकून होते. प्रवेशपरीक्षेंत ते तीनदां नापास झाले होते. कांहीं तारे कमीजास्त तेजानें प्रकाशतात. त्यांचें तेज रोज पाहून आंकड्यांत लिहून ठेवणें हें त्यांनीं आपलें व्रत केलें. असे आंकडे गोळा करणारी हौशी लोकांची एक संस्था अमेरिकेंत १९११ मध्यें निघाली होती. तिच्याकडे हे कारकून आपलीं टिपणें पाठवीत. अशीं हजारों टिपणें त्यांनीं पाठविलीं. १९२६ मध्यें त्या संस्थेनें त्यांना सहा इंची दुर्बीण वापरावयास धाडली, आणि त्यांच्या हातून ती पुढें वेणू बापू यांच्याकडे गेली. पुण्याची वीस इंची दुर्बीण मालक निवृत्त होतांच पेटींत गेली. जेसोरची सहा इंची दुर्बीण एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली. फरक दुर्बिणींत नव्हता. फरक इतकाच, कीं दुसरीच्या पाठीशीं एक मंडळी होती.

तशी मंडळी पुण्यांत निघावयास बत्तीस वर्षें जावीं लागलीं. २२ ऑगस्ट १९४४ रोजीं, महायुद्ध चालू असतां, पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची आपल्या देशांतील ही सर्वांत जुनी संस्था होय. टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवर तिची दुर्बीण असते. तिच्यापाशीं राजाची देणगी नव्हती, आणि देशांतील सर्वांत मोठी दुर्बीण तर नव्हतीच. पण ऐंशी वर्षें होऊन गेलीं तरी ती चालू आहे. तिच्या गच्चीवर पहिल्यानें शनीचें कडें पाहिलेलीं कित्येक मुलें आज पांढऱ्या केसांचीं झालीं आहेत आणि आपल्या नातवंडांना तेथें घेऊन येतात.

अशा मंडळींकडून होणारें काम पगारी शास्त्रज्ञांकडून कां होत नाहीं, असें कोणी विचारील. एक उदाहरण देतों. एखादा लघुग्रह फिरतां फिरतां एखाद्या ताऱ्याच्या आड येतो आणि कांहीं सेकंद तो तारा विझल्यासारखा होतो. एका ठिकाणाहून तो किती सेकंद विझला हें मोजलें, तर त्या लघुग्रहाची एका रेषेंतली रुंदी कळते. परंतु दहा गांवांतून दहा माणसांनीं मोजलें, तर दहा रेषा मिळतात, आणि त्या एकाखालीं एक मांडल्या कीं त्या काळ्या दगडाचा आकारच कागदावर उमटतो. वेधशाळा कितीही मोठी असली तरी ती एका जागीं उभी असते. दहा गांवांत एकाच रात्रीं उभें राहणें तिला शक्य नाहीं; तें काम माणसांचें, आणि तीं सरकारनें नेमावयाचीं म्हटलीं तर खजिना पुरावयाचा नाहीं.

१९५७ मध्यें रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत गेला, तेव्हां हेंच दिसून आलें. त्याच्या अगोदरच अमेरिकेंतील फ्रेड व्हिपल यांनीं 'मूनवॉच' नांवाची योजना आंखून देशोदेशींच्या हौशी मंडळ्या, शाळकरी मुलें आणि गृहिणी यांना लहान दुर्बिणी घेऊन रांगेनें बसविण्याची तयारी केली होती. मोठमोठे कॅमेरे अजून तयार झाले नव्हते. प्रारंभीं उपग्रहांचा माग काढण्यांत या बिनपगारी लोकांचा मोठा वांटा होता.

आतां पुन्हां आपल्या सायन्स कॉलेजकडे येतों. १८५४ मध्यें निघालेल्या या संस्थेचें नांव १९११ मध्यें कॉलेज ऑफ इंजिनियरिंग असें झालें. ज्या संस्थेंतून १९१२ मध्यें दुर्बीण निघून गेली, त्याच संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं २००८ च्या सुमारास स्वतःचा उपग्रह बनविण्याचें मनावर घेतलें. त्याचें नांव 'स्वयम्'. दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोनी ठोकळा. वजन एक किलोच्या आंत. आंत एक चुंबक, जो होकायंत्राच्या सुईप्रमाणें पृथ्वीच्या चुंबकत्वाशीं जुळून ठोकळ्यास दिशा देई. आणि एका ठिकाणचा संदेश घेऊन दुसऱ्या ठिकाणीं पोंचविण्याचें बिनतारी यंत्र. एवढें करावयास आठ वर्षें लागलीं! लागणारच, कारण विद्यार्थी चार वर्षांनीं कॉलेज सोडून जातो. ज्यांनीं काम आरंभिलें त्यांतील कोणीही प्रक्षेपणाच्या दिवशीं विद्यार्थी राहिलेला नव्हता. प्रत्येक तुकडीनें पुढच्या तुकडीच्या हातीं रेखाटनें, आंकडे आणि फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी दिल्या, म्हणूनच तें काम तडीस गेलें. २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून एकाच अग्निबाणानें वीस उपग्रह सोडले, त्यांत हा पुण्याचा ठोकळा होता. त्याच वर्षीं २६ सप्टेंबरला मुंबईच्या आय. आय. टी. मधील विद्यार्थ्यांचा दहा किलोंचा 'प्रथम' वर गेला. वातावरणाच्या वरच्या थरांतील इलेक्ट्रॉन मोजणें हें त्याचें काम.

नेगमवालांच्या वेधशाळेस जें साधलें नाहीं, तें या मुलांना साधलें असें मी म्हणतों. विद्वत्तेंत तीं नेगमवालांपेक्षां अधिक होतीं म्हणून नव्हे. काम एका माणसाच्या नांवावर न ठेवतां वहींत ठेवलें म्हणून.

शेजारच्या मुलाला मीं हें सारें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "पण काका, आमच्या कॉलेजांत उपग्रह बनविणारी तुकडी नाहीं. मग?" तेव्हां मला त्याला जुन्नर तालुक्यांत न्यावें लागलें, अर्थात् बोलण्यांतून. नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रो. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे: तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. विज्ञानदिनीं, २८ फेब्रुवारीस, तेथें जत्रेसारखी गर्दी लोटते आणि आसपासच्या शाळांचीं मुलें आपापले प्रयोग मांडून बसतात. या दुर्बिणीनें आकाशाच्या मोठ्या भागाचीं रेडिओ चित्रें घेतलीं आहेत, आणि तीं सर्वांस खुलीं आहेत. चित्रें इतकीं, कीं पगारी डोळे पुरणार नाहींत. म्हणून २०१३ मध्यें डॉ. आनंद होता यांनीं 'रॅड ॲट होम' नांवाची मंडळी सुरू केली. विद्यार्थी, शिक्षक, नोकरदार अशा लोकांनीं घरच्या संगणकावर हीं चित्रें न्याहाळावयाचीं आणि वेगळें कांहीं दिसलें कीं कळवावयाचें. अगोदर शिकविणें, मग पाहणें, असा त्यांचा क्रम आहे. विजयदुर्गच्या खलाशांच्या कवाईतीची मला येथें आठवण होते. या मंडळीस सांपडलेल्या वस्तूंच्या पाठपुराव्यासाठीं खोडदच्या दुर्बिणीचा वेळही मिळालेला आहे. २०२५ मध्यें याच मंडळीच्या नजरेस, हॉलंडमधील केंद्राच्या एका रेडिओ दुर्बिणीच्या चित्रांत, एकमेकांत गुंतलेलीं दोन प्रचंड रेडिओ कडीं आलीं. अशीं कडीं आकाशांत फार विरळ आहेत, आणि हीं तर विश्वाचें वय आजच्या निम्में होतें तेव्हांचीं.

मुलगा कांहीं वेळ गप्प बसला. मग गच्चीवरून वर पाहून म्हणाला, "घरांत बसून चित्रें पाहीन. पण हें आपलें आकाश तर कामाचें राहिलें नाहीं."

याचें उत्तर मात्र माझ्यापाशीं तयार होतें. २००६ पासून 'ग्लोब ॲट नाइट' म्हणून एक उपक्रम जगभर चालू आहे. ठरलेल्या रात्रीं मृगासारखें एखादें नक्षत्र पाहावयाचें, त्यांतले किती मंद तारे दिसतात हें छापील नकाशाशीं ताडावयाचें, आणि गांव, तारीख, वेळ लिहून कळवावयाचें. दुर्बीण लागत नाहीं, डोळे पुरतात. २०११ ते २०२२ या काळांत जमलेलीं अशीं ५१,३५१ निरीक्षणें घेऊन शास्त्रज्ञांनीं २०२३ मध्यें हिशेब मांडला, तेव्हां असें आढळलें कीं रात्रीचें आकाश वर्षास सरासरी ९.६ टक्क्यांनीं उजळत चाललें आहे. ज्या ठिकाणीं मूल जन्मतांना अडीचशें तारे दिसत, तेथें तें अठरा वर्षांचें होईतों शंभर दिसतील! विशेष हें, कीं वरून पाहणाऱ्या उपग्रहांच्या आंकड्यांत ही वाढ याहून पुष्कळच कमी, वर्षास सुमारें दोन टक्के, दिसत होती. नव्या पांढऱ्या दिव्यांचा निळसर प्रकाश त्या उपग्रहांच्या यंत्रांना दिसत नाहीं, आणि आडवा पसरणारा प्रकाशही त्यांना नीट कळत नाहीं. तो दिसला तो खालीं उभ्या असलेल्या साध्या माणसांच्या डोळ्यांना.

अंधाऱ्या डोंगरावर जाऊन मोजणारे पुष्कळ आहेत. ताथवड्यासारख्या ठिकाणाहून, जेथें दहा-पंधरा वर्षांत शेताचें शहर झालें, तेथून मोजणारे थोडे आहेत. आणि हिशेबास नेमके तेच आंकडे कमी पडतात.

गेल्या माघांत आम्ही दोघे रात्रीं नऊच्या सुमारास गच्चीवर गेलों. पाण्याच्या टाकीच्या आडोशानें महामार्गाचे दिवे थोडे झांकले. डोळ्यांना अंधाराची संवय व्हावी म्हणून पंधरा मिनिटें बोलत बसलों. मग मृग पाहिला. बाणाचे तीन तारे स्पष्ट होते. काक्षी आणि राजन्य होते, खालीं व्याध होता. मृगाचें डोकें म्हणून जे लहान तारे आहेत, ते मला दिसले नाहींत; त्याला एक दिसला, पण त्याची त्याला खात्री नव्हती. मीं म्हटलें, "लिहून टाक, दिसला." तो म्हणाला, "नको काका. खात्री नाहीं." आणि त्यानें वहींत तारीख, वेळ, ताथवडें एवढें लिहून पुढें फक्त खात्रीचे तारे मांडले.